तप्त झोताचा दरवाजा आणि त्यातले पाणी

मळ्यातल्या विहिरींवर वीज पोहोचली त्याआधी आमच्या निफाड तालुक्यात डिझेल इंजिनांचे राज्य होते. पिंपळगाव बसवंतच्या शिवारात पहाटे दोन-चार मळ्यांतून एकदम फटफट सुरू होई आणि कोणाचे इंजीन चालू झाले हे जाणकार नुसत्या आवाजावरून सांगत. साताऱ्याजवळच्या कूपरच्या कारखान्याने १९३३ मध्ये डिझेल इंजीन बनवले. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ मध्ये सुरू झाली. त्यानंतर पाच अश्वशक्तीचे इंजीन हे बागायतदार शेतकऱ्याच्या घरातले एक माणूसच झाले. या इंजिनांना गार ठेवण्याची पद्धत अगदी साधी होती. पंपाच्या डिलिव्हरीला एक बारीक नळी जोडायची, तीतून थोडे पाणी इंजिनाच्या पोटात खालच्या बाजूने सोडायचे आणि वरून निघालेले कोमट पाणी थारोळ्यात पडू द्यायचे. हिवाळ्यात बायका धुण्यासाठी तेच पाणी धरत.

त्या पाण्याचे खरे काम काय, हे फार थोड्यांना ठाऊक असे. 'इंजीन गरम होऊ नये म्हणून' हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. इंजिनाच्या हेडमध्ये दोन व्हॉल्व्ह असतात. एकातून ताजी हवा आत येते, दुसऱ्यातून जळलेला वायू बाहेर जातो. हा दुसरा, म्हणजे एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह, साऱ्या इंजिनातला सर्वांत छळला गेलेला भाग. आत जळणाऱ्या वायूचे तापमान क्षणभर दोन हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, आणि व्हॉल्व्ह उघडला की तो वायू त्याच्या मानेला घासून बाहेर पडतो. पहिल्या व्हॉल्व्हला निदान गार हवेचा वारा लागतो. याच्या नशिबी तोही नाही. मग तो वितळत कसा नाही? तर बंद असताना तो आपल्या बैठकीवर, म्हणजे सीटवर, घट्ट टेकतो आणि त्याच्यातली बहुतांश उष्णता त्या सीटमधून पलीकडच्या पाण्यात जाते. सीटमागे पाणी आहे म्हणून व्हॉल्व्ह जिवंत आहे. सीटवर काजळी धरली, टेकणे सैल झाले, की व्हॉल्व्हची कड जळते. गावातले मिस्त्री 'व्हॉल्व्ह घासून' देत, म्हणजे ही टेकण दुरुस्त करून देत.

माझे औपचारिक शिक्षण फार नाही. इंजीन आणि पंपदुरुस्तीत बरीच वर्षे गेली, आणि जे कळले ते उघडलेल्या यंत्रांतून आणि रद्दीच्या भावाने घेतलेल्या तांत्रिक पुस्तकांतून. एक प्रश्न मात्र फार दिवस मागे लागला होता. इंजिनाचा व्हॉल्व्ह वाटीच्या तोंडाएवढा, आणि त्याला वायूचा चटका बसतो तो सेकंदाच्या काही भागापुरता. ज्या कारखान्यात हजार-बाराशे अंशांची हवा तासन्‌तास नळातून वाहते, तिथे तिला अडवणारा दरवाजा कसा बनवत असतील? लोखंड १५३८ अंशांना वितळते हे खरे. पण साधे पोलाद साडेपाचशे-सहाशे अंशांतच आपली निम्मी ताकद घालवून बसते. बाराशे अंशांत त्याचा दरवाजा म्हणजे मेणाचे कुलूप.

असा दरवाजा खरोखर आहे आणि आपल्यापासून फार लांबही नाही. रायगड जिल्ह्यात धरमतरच्या खाडीकाठी डोलवीला, वर्ध्याजवळ भूगावला, गोव्यात डिचोली तालुक्यातल्या आमोण्याला झोतभट्ट्या आहेत. वेंगुर्ले तालुक्यात रेडीला आधी उषा इस्पातची आणि नंतर टाटा मेटॅलिक्सची भट्टी चालत असे. या प्रत्येक ठिकाणी तो असतोच. कारखान्यातली माणसे त्याला 'हॉट ब्लास्ट व्हॉल्व्ह' म्हणतात. मी त्याला तप्त झोताचा दरवाजा म्हणतो.

झोतभट्टी म्हणजे लोहाराच्या भात्याचीच कल्पना, फक्त पाच-दहा मजली. वरून खनिज, कोक आणि चुनखडी टाकायची, खालून जोराने हवा फुंकायची, तळाशी वितळलेले लोखंड जमा होते. १८२८ पर्यंत ही हवा गारच फुंकत. गार हवेनेच लोखंड चांगले होते अशी समजूत होती, कारण हिवाळ्यात भट्टी बरी चालताना दिसे. तिचे कारण वेगळे होते, हिवाळ्याची हवा कोरडी आणि दाट असते. स्कॉटलंडमधल्या जेम्स ब्यूमाँट नीलसनने हवा तापवून फुंकण्याचे पेटंट १८२८ मध्ये घेतले आणि ग्लासगोजवळच्या क्लाइड कारखान्यात करून दाखवले. हवा जेमतेम दीडशे अंशांवर नेली तरी एक टन लोखंडामागे लागणारा दगडी कोळसा सुमारे आठ टनांवरून पाच टनांवर आला. एवढी बचत डोळ्यांसमोर दिसल्यावर समजुतीला कोण विचारतो?

पण तप्त हवेने पहिल्याच फेरीत एक बळी घेतला. हवा भट्टीत सोडणारे नाकाडे, ज्याला ट्वियर म्हणतात, ते जळू लागले. गार हवा फुंकताना ती हवाच नाकाड्याला गार ठेवत होती. तो आधार गेला. यावर कॉन्डी नावाच्या माणसाने तोड काढली. ओतीव लोखंडाच्या नाकाड्यात नळीचे वेटोळे ओतून घ्यायचे आणि त्या नळीतून सतत पाणी खेळवायचे. भट्टीच्या तोंडाशी मुद्दाम पाणी नेण्याची सुरुवात ही अशी झाली.

पुढची उडी एडवर्ड कूपरची. १८५७ मध्ये त्याने पेटंट घेतलेल्या रचनेला 'स्टोव्ह' म्हणतात. आपल्या घासलेटच्या स्टोव्हशी तिचे नावापुरतेच नाते. (हा कूपर आणि साताऱ्याचे कूपर यांचाही काही संबंध नाही, कोणी गल्लत करू नये.) हा स्टोव्ह म्हणजे एक उंच बुरूज, आत जाळीच्या विटांचा गठ्ठा. भट्टीच्या माथ्यावरून निघणारा वायू त्यात जाळायचा आणि विटा लाल होईपर्यंत तापवायच्या. मग जाळ बंद करून उलट दिशेने गार हवा त्याच विटांतून ढकलायची. विटांतली उष्णता घेऊन ती हवा भट्टीकडे जाते. तोवर शेजारचा दुसरा बुरूज तापत असतो. असे तीन किंवा चार बुरूज आळीपाळीने चालतात. बैलांची जोडी बदलावी तशी ही बदली. आज या पद्धतीने हवा हजार ते साडेबाराशे अंशांपर्यंत तापते.

आता दरवाज्याची गरज कळेल. बुरूज जेव्हा 'गॅसवर' असतो, म्हणजे तापत असतो, तेव्हा भट्टीकडचा मार्ग बंद हवा; नाहीतर भट्टीची हवा उलटी बुरुजात शिरून धुराड्यातून निघून जाईल. बुरूज 'हवेवर' आला की तोच मार्ग उघडायचा. तो उघडण्याआधी जाळाचे आणि धुराड्याचे व्हॉल्व्ह लावून घ्यायचे, मग बुरुजात बारीक वाटेने हवा भरून दोन्ही बाजूंचा दाब सारखा करायचा, आणि मगच मोठा दरवाजा उचलायचा. दाब सारखा न करता उचलला तर चकतीवर एका बाजूने येणारा रेटा तिला वाकवतो किंवा सीट खरडतो.

गंमत अशी की या दरवाज्याला विश्रांतीच नाही. तो पाळीतून काही वेळाच हलतो, पण चटका चोवीस तास. उघडा असताना त्याच्या सीटवरून तप्त झोत वाहतो. बंद असताना एका अंगाला बुरुजातला जाळ आणि दुसऱ्या अंगाला शेजारच्या बुरुजाची झोताने भरलेली वाहिनी. कूपरने हवा तापवण्याच्या कामातून लोखंडी नळ्या हद्दपार केल्या, बाकी साऱ्या वाटेला आतून विटांचे अस्तर दिले; पण दरवाज्याला हलायचे असते. वीट आग सोसते, पण घासणे, आपटणे, घट्ट टेकणे हे तिचे काम नाही. त्यामुळे त्या सगळ्या रस्त्यात धातू उरला तो नेमका इथे. धातू ठेवायचा तर पाणी हवे.

अशी एक मोडीत निघालेली चकती मला नाशिकच्या एका भंगारवाल्याकडे अर्धी कापलेली पाहायला मिळाली. कुठल्या कारखान्याची ते त्यालाही माहीत नव्हते. बाहेरून ती जाड तव्यासारखी, पण आतून पोकळ. दोन पत्र्यांच्या मध्ये पट्ट्या जोडून गोगलगाईच्या शंखासारखी वाट केलेली. पाणी त्या वाटेने सगळ्या कोपऱ्यांतून फिरूनच बाहेर पडावे अशी योजना. वर दोन नळीवजा दांडे. हे दांडे चकतीला उचलतातही आणि तिला पाणीही पाजतात, एकातून आत, दुसऱ्यातून बाहेर. चकती वरखाली होते म्हणून दांड्यांच्या टोकाला लवचीक होज असतात. चकती जिथे टेकते त्या दोन्ही सीट-कड्यांतही असेच वेगळे पाणी खेळते, आणि व्हॉल्व्हच्या धडाला आणखी वेगळे. काही ठिकाणी चकतीच्या तोंडावर अग्निरोधक लेप देतात, म्हणजे पाण्याकडे जाणारी उष्णता कमी होते आणि झोतही कमी गार होतो. कारण हे विसरून चालत नाही की पाण्याने पळवलेली उष्णता ही इंधन जाळून मिळवलेली असते.

उष्णता किती, याचा अंदाज कागदावर करता येतो. मे महिन्यातले भर दुपारचे ऊन एका चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॅट उष्णता टाकते. बाराशे अंशांवर धगधगणारी विटांची पोकळी तेवढ्याच जागेवर सुमारे २६७ किलोवॅट टाकू शकते. लेपामुळे आणि इतर कारणांनी त्यातली दोनशेच चकतीत शिरली असे धरू. दोनशे सूर्य एकाच अंगणात. हातभर त्रिज्येच्या चकतीचे क्षेत्रफळ सुमारे ०.७ चौरस मीटर भरते, म्हणजे १४० किलोवॅट. पाच अश्वशक्तीच्या ३७ मोटारी मिळून जेवढे काम करतील तेवढी ही उष्णता, एका चकतीच्या एका तोंडावरून. एक लिटर पाणी एक अंशाने तापायला ४.१८ किलोज्यूल लागतात. त्या हिशेबाने ही उष्णता घेऊन जायला तासाला २०,००० लिटर पाणी फिरवले तर ते सुमारे सहा अंशांनी तापून बाहेर पडेल. सहाच अंश. एवढ्या आगीतून जाऊन आलेले पाणी हाताला कोमटसुद्धा लागत नाही, यावर पहिल्यांदा माझाही विश्वास बसेना. पाण्याची ही ताकद हवेत नाही. तेवढीच उष्णता तेवढ्याच अंशांवर नेण्यासाठी पाण्याच्या साडेतीन हजार पट आकारमानाची हवा लागेल.

मग एवढे पाणी कशाला, थोडे सोडून त्याला उकळू द्यावे, वाफ तर जास्त उष्णता नेते, असा प्रश्न एका वाचकाने मला पूर्वी विचारला होता. प्रश्न शहाणपणाचा आहे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला २,२५७ किलोज्यूल लागतात, म्हणजे हिशेबाने तासाला सव्वादोनशे लिटर पाणी पुरेल. हिशेब बरोबर आणि व्हॉल्व्ह खलास. याचे उत्तर भाकरीच्या तव्यावर आहे. तवा बेताचा तापला असेल तर पाण्याचा शिपका चर्रकन उडून जातो. फार तापला असेल तर तोच थेंब उडत नाही, पाऱ्याच्या गोळीसारखा तव्यावर नाचत राहतो. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि ती पाण्याला तव्याला शिकूच देत नाही. तवा जास्त तापलेला, पण पाणी कमी उष्णता घेते. चकतीच्या आतल्या भिंतीवर अशी वाफेची गादी एकदा बसली की त्या जागी पाणी असून नसल्यासारखे. धातू काही सेकंदांत लाल होतो आणि भोक पडते. म्हणून वाटेत पाण्याचा वेग राखायचा, कुठेही ते रेंगाळू द्यायचे नाही. आणि आत पाणी खालून व बाहेर वरून, हा इंजिनाचाच नियम इथेही, नाहीतर वरच्या कोपऱ्यात हवा किंवा वाफ अडकून राहते. जुळणीत नळ्यांची अदलाबदल झाली तरी पाणी वाहते, मीटर योग्य आकडा दाखवतो, आणि चकतीचा वरचा भाग कोरडा राहतो. मुद्दाम बनवलेले उकळते थंडीकरणही जगात आहे, पण त्याला वाफ वर निघून जायला मोठ्या वाटा आणि वर टाकी लागते. साध्या चकतीत ते आपोआप घडू देणे निराळे.

पाण्याऐवजी दुसरे काही? विमानांच्या इंजिनांत सॅम हेरॉनने १९२० च्या दशकात पोकळ व्हॉल्व्हमध्ये सोडियम भरला. सोडियम ९८ अंशांना वितळतो आणि ८८३ पर्यंत उकळत नाही. व्हॉल्व्ह हलला की आतला द्रव हिंदकळतो आणि डोक्यातली उष्णता दांड्याकडे नेऊन टाकतो. युक्ती सुंदर आहे, पण ती सतत हलणाऱ्या लहान व्हॉल्व्हसाठी. पाळीतून चार वेळा हलणाऱ्या चकतीत सोडियम काय हिंदकळणार? आणि जिथे वायू कमी तापलेला तिथे काहीच लागत नाही. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी धुराड्याकडे निघालेला धूर दीडशे अंशांच्या आत आलेला असतो; त्या वाटेवरच्या झडपा साध्या पोलादाच्या चालतात.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. आमच्या तालुक्यातली आयटीआय झालेली मुले ठेकेदारामार्फत अशा कारखान्यांत कामाला जातात. त्यांतला एक सुटीत आला होता. त्याच्या पाळीत एका व्हॉल्व्हची चकती गळली होती आणि चौकशीत बोट त्याच्याकडे गेले होते. तो मला एवढेच पुन्हा पुन्हा सांगत होता, "काका, मी दर तासाला हात लावून बघत होतो. पाणी गारच येत होतं." तो खरे बोलत होता याबद्दल मला शंका नाही. पाणी गारच येत असणार.

द्राक्षबागायतदाराला हे सांगायला सोपे जाते. आमच्या विहिरी-बोअरचे पाणी काळ्या दगडातून झिरपलेले, क्षारयुक्त. ठिबकच्या ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर धरतो आणि वर्षातून एक-दोनदा नळ्यांतून आम्ल सोडून तो धुवावा लागतो. पाण्यात विरघळलेला कॅल्शियम बायकार्बोनेट मोडतो आणि न विरघळणारा चुना मागे राहतो. साखर किंवा मीठ तापवल्यावर जास्त विरघळते. चुन्याचे उलटे, पाणी तापले की तो बाहेर पडतो. म्हणजे थर सर्वांत जाड कुठे बसणार? जिथे धातू सर्वांत तापलेला तिथे, जिथे तो अजिबात बसायला नको तिथेच.

या थरातून उष्णता फार नाखुशीने जाते. एक मिलिमीटर थर म्हणजे पोलादाची भिंत वीस ते पन्नास मिलिमीटरने जाड केल्यासारखे. वरच्याच चकतीचा हिशेब पुढे नेऊ. दहा मिलिमीटर पोलाद, मागे स्वच्छ पाणी. तोंडावरचे तापमान सुमारे १२० अंश राहील. एक मिलिमीटर थर बसला की ते आणखी सव्वाशे-दीडशे अंशांनी चढेल. तीन मिलिमीटर बसला की पाचशेच्या पुढे, म्हणजे पोलाद हात टेकू लागते तिथे. आणि पाणी? समोरची आग बाराशे अंशांची असल्यामुळे धातू १२० वर असो की ५०० वर, तो घेत असलेली उष्णता फारशी बदलत नाही, उलट किंचित कमी होते. म्हणजे बाहेर पडणारे पाणी सहा अंशांऐवजी साडेपाच अंशांनी तापलेले येईल. चकती मरायला टेकली असताना पाणी आधीपेक्षा गार!

म्हणून गार पाणी हा तब्येतीचा दाखला नव्हे. तापमान एका गोष्टीची खबर देते, प्रवाह घटल्याची. थराची खबर हवी असेल तर आत जाताना आणि बाहेर येताना पाण्याच्या दाबात किती फरक पडतो हे महिनोन्‌महिने लिहून ठेवावे लागते, कारण थराने वाट अरुंद होते आणि तेवढ्याच पाण्याला जास्त जोर लागतो. त्या मुलाला हात लावायला शिकवले होते. दाबाची नोंद करायची वही त्याच्यापुढे कोणी ठेवली नव्हती. माझ्या मते दोष कोणाचा हे यातच आले.

कोकण आणि गोव्याकडचे पाणी जांभ्या दगडातले, मऊ. तिथे थर कमी, पण तेच पाणी पोलादाला खाते. खाडीजवळ क्लोराइडची भीती. स्टेनलेसच्या काही जाती गरम असताना क्लोराइडने तडकतात. पाणी जसे, तसा आजार. मोठे कारखाने यावर इलाज म्हणून क्षार काढलेले पाणी बंद फेऱ्यात खेळवतात. लहान भट्ट्यांना तो खर्च जड जातो, आणि सुरुवातीला वाचवलेले पैसे पुढे चकत्या बदलण्यात जातात.

गळती झाली तर काय होते? एक लिटर पाण्याची सतराशे लिटर वाफ. झोताबरोबर ती भट्टीत गेली तर तापलेल्या कोकशी तिची क्रिया होऊन कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन तयार होतात. या क्रियेत उष्णता खर्च होते, भट्टी गार पडू लागते. भट्टीच्या माथ्यावरच्या वायूत हायड्रोजन अचानक वाढला की अनुभवी लोक आधी पाण्याची गळती शोधतात. बुरूज गॅसवर असताना गळले तर पाणी तापलेल्या विटांवर पडून विटा फुटतात. कधी झोताचा दाब पाण्याच्या दाबापेक्षा जास्त असतो, मग पाणी आत जाण्याऐवजी हवाच पाण्यात शिरते आणि परतीच्या नळात बुडबुडे दिसतात. ते बुडबुडे पाहण्यासाठी म्हणून कित्येक ठिकाणी परतीचे पाणी मुद्दाम उघड्या नाळेत सोडतात. आमच्या थारोळ्यासारखेच, फक्त तिथे धुणे धुवायची परवानगी नाही.

सर्वांत धोक्याची वेळ गळतीची नव्हे. पाणी थांबून पुन्हा येण्याची. पाणी बंद पडले, चकती लाल झाली, आणि घाबरलेल्या माणसाने कॉक पूर्ण उघडला, तर आत शिरणारे पाणी क्षणात वाफ होते आणि होज फुटून ती वाफ त्याच्याच अंगावर येते. तापून जाम झालेल्या इंजिनावर घाईने गार पाणी ओतले की हेडला तडा जातो हे मळ्यातल्या पोरालाही माहीत असे. चकतीच्या बाबतीत तडा जाणे ही त्यातल्या त्यात बरी शक्यता. नियम असा की आधी बुरूज बाजूला काढायचा, चकतीला आपणहून निवू द्यायचे, आणि मग पाणी धारेधारेने सोडायचे.

पिंपळगावात झोतभट्टी नाही, पण याच घराण्यातले एक यंत्र आहे. द्राक्षे साठवणाऱ्या अमोनियाच्या शीतगृहांत दाबलेला वायू शंभर-सव्वाशे अंशांवर कॉम्प्रेसरच्या डिलिव्हरी व्हॉल्व्हमधून निघतो, आणि त्या व्हॉल्व्हवरचे हेड पाण्याने गार ठेवलेले असते. पाणी कमी पडले की वंगणाचे तेल व्हॉल्व्हच्या पातळ पट्ट्यांवर जळून काळे धरते, पट्टी नीट बसत नाही, दाबलेला तापलेला वायू परत आत येतो, पुन्हा दाबला जातो, आणखी तापतो. हंगामात चोवीस तास कॉम्प्रेसर चालवणाऱ्यांनी हेडची झाकणे हंगाम संपल्यावर उघडून आतला पांढरा थर एकदा डोळ्यांनी पाहावा. बोअरचेच पाणी आहे ते.

राहिला पाण्याच्या मोजमापाचा प्रश्न, दुष्काळात टँकर मोजणाऱ्या मुलखात तो टाळता येत नाही. तासाला २०,००० लिटर पाणी एकदाच वापरून सोडून दिले, तर एका चकतीला दिवसाला ४ लाख ८० हजार लिटर लागतील. दहा हजारी ४८ टँकर. तेच पाणी कूलिंग टॉवरवरून फिरवले तर फक्त बाष्पीभवन भरून काढावे लागते, तासाला सुमारे २१० लिटर. पण पाणी उडते आणि क्षार मागे राहतात, म्हणून थोडे पाणी मुद्दाम सोडून द्यावे लागते. क्षार मूळ पाण्याच्या चौपट होऊ द्यायचे ठरवले तर तासाला आणखी ७० लिटर. एकूण दिवसाला ६,७२० लिटर, एक टँकरसुद्धा नाही. कारखाना पाणी पितो अशी तक्रार गावे करतात, तेव्हा विचारायचा प्रश्न 'किती फिरवता' हा नसून 'किती भरता' हा आहे. आणि सोडलेले ते चौपट खारट पाणी कुठे जाते, हा दुसरा. पालखेडच्या कालव्याखाली खारावत गेलेल्या जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हा दुसरा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही.

शेवटी वीज. आमच्याकडे भारनियमनाने वाफ्याची पाळी चुकते. तिथे पंप थांबला तर चकत्या, सीटा, नाकाडी सगळी मिनिटांत जातात, आणि आग काही बटणाने विझत नाही. म्हणून भट्टीजवळ उंचावर एक टाकी भरून ठेवतात. वीज गेली की झडप आपोआप उघडते आणि उताराने पाणी सुरू होते, तोवर डिझेलवरचा पंप चालू व्हायला हवा. भट्टीच्या सगळ्या नाजूक भागांना मिळून तासाला ३०० घनमीटर पाणी लागते असे धरले तर ६०,००० लिटरची टाकी बारा मिनिटे पुरते. त्या बारा मिनिटांत झोत कमी करायचा, भट्टी वाऱ्यावरून काढायची आणि डिझेल पंप सुरू झाला नसेल तर हाताने सुरू करायचा. तो पंप आठवड्यातून एकदा, काम नसताना, पाच-दहा मिनिटे चालवून पाहायचा असतो. आणि टाकीचा काटा कागदावर नव्हे, शिडी चढून पाहायचा असतो.